पदाला कलमा कशाला?

मलेशियाचा दाखला देणाऱ्या आपल्या मंडळींना मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. त्या देशातलं तुम्हाला नेमकं काय आवडतं?

उत्तर मला पाठ आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात, निकाहच्या दावतीत, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते मी कितीदा ऐकलंय. "मुसलमानांचा देश बघा. राजा मुसलमान, पंतप्रधान मुसलमान, आणि तरी रस्ते कसे चकाचक!" यातला 'आणि तरी' मला कायम खटकतो. मुसलमान असणं आणि रस्ते धड असणं यात जणू मुळातच वैर आहे. आपल्याविषयी इतरांनी पसरवलेला समज आपणच किती भक्तिभावाने गिळलाय, याचा तो पुरावा. पण तो वेगळा विषय झाला.

माझं म्हणणं असं, की मलेशियात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे आणि आपण कौतुक करतो ते नेमकं चुकीच्या गोष्टीचं.

आधी तिथली पदं समजून घेऊ, कारण दाखला देणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांना ती ठाऊक नसतात. मलेशिया हे संघराज्य आहे आणि शिवाय घटनात्मक राजेशाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम अशी जगात मोजकीच राज्यं आहेत. मलेशियाची १३ घटक राज्यं. त्यातल्या नऊ राज्यांना वंशपरंपरेने आलेले राजे आहेत. सात ठिकाणी सुलतान, पेर्लिसमध्ये राजा आणि नगरी सेम्बिलानमध्ये 'यांग दी-पर्तुआन बसार'. या शेवटच्याला तर चार सरदार राजघराण्यातून निवडतात. पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक या चार राज्यांना राजा नाही, तिथे नेमलेले राज्यपाल असतात. हे नऊ राजे दर पाच वर्षांनी बंद दाराआड गुप्त मतदान करून आपल्यातल्या एकाला देशाचा राजा निवडतात. त्याला आगोंग म्हणतात. पाच वर्षं झाली की तो आपल्या राज्यात परत आणि पुढच्याची पाळी. म्हणजे राजा खरा, पण मुदतीचा. केदाहचे सुलतान अब्दुल हलीम यांच्यावर ही पाळी दोनदा आली, १९७० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये. तर केलांतनचे सुलतान मुहम्मद पाचवे यांनी जानेवारी २०१९ मध्ये मुदत संपायच्या आधीच पद सोडलं. असं करणारे ते पहिलेच आगोंग. देश कोसळला नाही. महिना संपायच्या आत पाहांगचे सुलतान अब्दुल्ला गादीवर होते.

जाता जाता एक गंमत. पंतप्रधानाला मलय भाषेत 'पर्दाना मन्तरी' म्हणतात. आपलाच प्रधान, आपलाच मंत्री. आगोंगच्या पत्नीच्या किताबात 'परमाइसुरी' हा शब्द आहे, तो परमेश्वरीवरून आलेला. खुद्द राजाच्या किताबात 'स्री पादुका' आहे. शब्द संस्कृत आहेत म्हणून तिथल्या कुणाचं इमान डळमळल्याचं ऐकिवात नाही. इथे मुलीचं नाव मराठी ठेवलं म्हणून बापाला चार गोष्टी सुनावणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

आता कौतुकाची गोष्ट. या मुसलमान राजांना लगाम घातला तो तिथल्या मुसलमानांनीच. १९८३ मध्ये महातीर मोहम्मद यांच्या सरकारने राजाच्या संमतीवाचून कायदा अडून राहू नये म्हणून घटनादुरुस्ती आणली. मोठा पेच झाला, तडजोड झाली. १९९४ पर्यंत गोष्ट इथवर आली, की संसदेने मंजूर केलेलं विधेयक आगोंगनी ३० दिवसांत सही केली नाही तरी कायदा होतं. मधल्या काळात १९९२ मध्ये एका हॉकी प्रशिक्षकाने पोलिसांत तक्रार दिली, की जोहोरच्या सुलतानांनी आपल्याला मारहाण केली. त्याआधी राजावर खटलाच चालवता येत नसे. या तक्रारीनंतर संसद बसली आणि १९९३ मध्ये राजांचं ते संरक्षण घटनेतून काढलं गेलं. व्यक्ती म्हणून केलेल्या कृत्याबद्दल राजावर खटला चालवता येतो, त्यासाठी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली विशेष न्यायालय आहे. सुलतान मुसलमान, तक्रारदार ख्रिस्ती, आणि घटना बदलणारी संसद बहुसंख्य मुसलमानांची. मला मलेशियाचा अभिमान वाटायचाच असेल तर तो इथे वाटतो. पण आपल्या मशिदीच्या दारात हा किस्सा मी एकदाही ऐकलेला नाही.

पदाचा आणि पदावर बसलेल्याच्या धर्माचा संबंध किती, हे पाहायचं असेल तर नजीब रझाक यांचं प्रकरण घ्या. पंतप्रधान, मुसलमान, देशाच्या दुसऱ्या पंतप्रधानांचे चिरंजीव. एका सरकारी कंपनीचे ४.२ कोटी रिंगिट यांच्या खात्यात आले. मे २०१८ च्या निवडणुकीत त्यांची सत्ता गेली आणि नव्या सरकारने ॲटर्नी जनरल म्हणून टॉमी थॉमस यांचं नाव सुचवलं. भारतीय वंशाचे, ख्रिस्ती. लगेच ओरड सुरू झाली, की या पदावर मलय मुसलमानच हवा. शरियतचं काय होणार, मलयांच्या हक्कांचं काय होणार! नेमणूक काही दिवस अडली आणि जूनमध्ये आगोंगनी ती मंजूर केली. याच थॉमस यांच्या कारकिर्दीत नजीब यांच्यावर आरोप ठेवले गेले. खटला मुसलमान न्यायाधीशासमोर चालला, २०२० मध्ये १२ वर्षांची कैद आणि २१ कोटी रिंगिट दंड झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये ही शिक्षा कायम केली ती तंकू मैमून तुआन मात यांच्या नेतृत्वाखालच्या खंडपीठाने. त्या देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश, त्याही मुसलमान. नजीब तुरुंगात गेले. आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस, आगोंगची मुदत संपायला एक-दोन दिवस उरले असताना, आगोंगच्या अध्यक्षतेखालच्या माफी मंडळाने शिक्षा निम्मी करून सहा वर्षांवर आणली, दंड २१ कोटींवरून ५ कोटींवर.

आता मला सांगा, यात इस्लाम कुणी राखला? ज्यांच्या खात्यात पैसे गेले ते कलमा पढणारे. ज्यांनी त्यांना कोर्टात खेचलं ते कलमा न पढणारे. ज्यांनी शिक्षा कायम केली त्या पुन्हा कलमा पढणाऱ्या, आणि ज्यांनी शिक्षा निम्मी केली तेही. अमानत हा शब्द आपण बयानातून रोज ऐकतो. पद ही अमानत आहे, तिच्यात खयानत करू नये. मान्य. मग मलेशियातल्या सामान्य मुसलमान करदात्याच्या अमानतीची राखण करायला उभं राहिलेल्या माणसाला केवळ तो ख्रिस्ती म्हणून त्या खुर्चीपासून लांब ठेवायचं, हा कुठला दीन?

इथपर्यंत मान डोलावणारे पुढच्या मुद्द्यावर गप्प होतात. तो मुद्दा पेराकचा.

मलेशियाच्या संघीय घटनेत पंतप्रधान मुसलमान असावा अशी अट कुठेही नाही. आजवरचे सगळे पंतप्रधान मलय मुसलमान आहेत, ती प्रथा झाली. पण राजे असलेल्या नऊ राज्यांत मुख्यमंत्र्याला, म्हणजे 'मन्तरी बसार'ला, घटनेनेच अट घातली आहे. तो मलय हवा आणि मुसलमान हवा. २००८ मध्ये पेराकच्या विधानसभेत ५९ पैकी ३१ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. त्यात चिनी आणि भारतीय मतदारांचा मोठा आधार असलेल्या डीएपीच्या १८, पीकेआरच्या ७ आणि इस्लामी पक्ष पासच्या ६. सर्वांत मोठ्या पक्षाकडे १८ आमदार, पण त्यात एकही मलय मुसलमान नाही. म्हणून मुख्यमंत्री झाला सर्वांत छोट्या पक्षाचा. मोहम्मद निझार जमालुद्दीन माणूस म्हणून चांगले होते, चिनी मतदारांतही लोकप्रिय झाले, माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण त्या ओळीशी आहे. त्या १८ आमदारांनी लोकांची मतं मिळवली, पण त्यांच्यातला सर्वांत लायक माणूससुद्धा पहिल्या खुर्चीवर बसू शकत नव्हता, कारण तो दुसऱ्या धर्मात जन्मला.

(पुढे वर्षभरात तीन आमदार फुटले. निझार यांनी सुलतान अझलन शहांकडे विधानसभा विसर्जित करायची विनंती केली, सुलतानांनी ती नाकारली आणि त्यांनाच राजीनामा द्यायला सांगितलं. हे सुलतान त्याआधी देशाच्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख राहिलेले. लोकांकडे परत जायचा रस्ता बंद झाला. 'मुसलमान मुख्यमंत्री'ची अट पाळूनही मुसलमान मुख्यमंत्र्याचं पद काही वाचलं नाही.)

इथे मला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, तो मलयांचा मुलूख आहे, ते तिथले मूळचे. मलेशियात त्यासाठी शब्द आहे 'बूमीपुतेरा', म्हणजे आपला भूमिपुत्र. महाराष्ट्रातल्या मुसलमानाने हा शब्द ऐकून तरी सावध व्हायला हवं. या शब्दाच्या नावाखाली मुंबईत कधी मद्रासी, कधी भय्ये आणि कधी आपण रांगेच्या शेवटी ढकलले गेलो आहोत. आणि मलय कोण, याचीही व्याख्या मजेशीर आहे. घटनेच्या १६०व्या कलमानुसार मलय म्हणजे जो इस्लाम मानतो, मलय बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो. म्हणूनच ज्यांचे आजोबा केरळातून आले ते महातीर बूमीपुतेरा, आणि ज्याच्या पाच पिढ्या पेनांगमध्ये गेल्या तो चिनी मात्र नाही.

दुसरं उत्तर, तो इस्लामी देश आहे, तिथे हे असणारच. हे तर इतिहासालाच धरून नाही. १९५६-५७ मध्ये घटनेचा मसुदा बनवायला लॉर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक होते आणि पाकिस्तानचे न्यायाधीश अब्दुल हमीद. इस्लाम हा संघराज्याचा धर्म म्हणून घटनेत घालावा, ही मागणी राजकीय आघाडीची होती. तिला हरकत घेतली ती खुद्द सुलतानांच्या वकिलाने! आपापल्या राज्यात धर्माचे प्रमुख आम्ही, वर आणखी संघराज्याचा धर्म कशाला, हा त्यामागचा हिशेब. आयोगाच्या बहुमताने ती तरतूद घातली नाही, अब्दुल हमीद यांनी मात्र ती हवी म्हणून वेगळं मत लिहिलं आणि शेवटी ती आली. याच आयोगाने मलयांच्या खास स्थानाचा १५ वर्षांनी फेरविचार व्हावा असं सुचवलं होतं. अंतिम घटनेतून ती मुदत गळाली. हे सगळं माणसांनी टेबलाभोवती बसून, वाटाघाटी करून ठरवलेलं आहे. आभाळातून उतरलेलं नाही.

आता दुसरीकडे वळा. ऑस्ट्रेलियाही संघराज्य आणि घटनात्मक राजेशाहीच. त्यांचा राजा चार्ल्स, इंग्लंडचा राजा. या गादीवर बसायला चर्च ऑफ इंग्लंडशी नातं लागतं, कॅथलिक माणूससुद्धा तिथे बसू शकत नाही. पण त्या राजाच्या नावाने कारभार करणाऱ्या मंत्र्याला असली अट नाही. बोस्नियातून आलेल्या मुसलमान आईबापांचे चिरंजीव एड ह्युसिक २०२२ मध्ये त्या देशाच्या कॅबिनेटचे पहिले मुसलमान मंत्री झाले, हातात कुराण घेऊन शपथ घेतली. तो फोटो आपल्या ग्रुपवर किती फिरला आठवतंय? 'माशाअल्लाह'ची रांग लागली होती. मीही लावली होती आणि मला ते आजही योग्य वाटतं. २०१३ मध्ये कनिष्ठ पदाची शपथ त्यांनी अशीच घेतली तेव्हा तिथल्या काही लोकांनी इंटरनेटवर त्यांना शिव्या घातल्या होत्या. त्या शिव्या आपल्याला झोंबल्या.

मग ज्या ग्रुपवर ह्युसिक यांना दुआ दिली, त्याच ग्रुपवर पेराकच्या त्या ओळीचं समर्थन कसं चालतं? ख्रिस्ती राजाच्या राज्यात मुसलमान मंत्री झाला की तो इन्साफ आणि मुसलमान सुलतानाच्या राज्यात बौद्ध माणूस मुख्यमंत्री होऊ शकत नाही हे दीनचं रक्षण? एक माप घ्यायचं आणि दुसरं माप द्यायचं, अशा वजनकाट्याबद्दल कुराणात काय इशारा आहे, हे बयान करणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही.

आणि हे आपल्या घराशी येऊन भिडतं. १९८० मध्ये रायगडच्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ते कसे आले, १९८२ मध्ये सिमेंटच्या प्रकरणात कसे गेले, यावर भांडायला आपण मोकळे आहोत. पण या राज्यात १० टक्क्यांच्या आसपास असलेल्या समाजाचा माणूस त्या खुर्चीवर बसला तेव्हा कुठलंही कलम आडवं आलं नाही. ते गेले तेही मुसलमान म्हणून नव्हे, कोर्टाच्या ताशेऱ्यांमुळे. त्यानंतर त्या खुर्चीवर आपल्यातलं कुणी बसलेलं नाही. जून २०२४ मध्ये शपथ घेतलेल्या केंद्रीय मंत्रिमंडळात एकही मुसलमान नव्हता. हे आपण लेखांत लिहितो, सभांत बोलतो, आणि बोललंच पाहिजे. भारताच्या घटनेचं १६वं कलम सरकारी पदाबाबत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घालतं, त्याच्याच जोरावर आपण बोलतो. पण समोरचा जेव्हा विचारतो, "तुमच्या मलेशियात काय चालतं?" तेव्हा आपल्या तोंडात मिठाची गुळणी असते. कारण 'तुमच्या' हा शब्द त्याला आपणच पुरवलेला असतो, "आपला मलेशिया" म्हणून म्हणून.

त्या समोरच्यालाही माझं सांगणं आहे. पेराकच्या घटनेतला अन्याय हा नागपूर किंवा दिल्लीतल्या अन्यायाचा परवाना होत नाही. क्वालालंपूरच्या चिन्याला जे मिळत नाही त्याचा हिशेब मालेगावच्या मुसलमानाकडून चुकता करायचा नसतो. तिथल्या चिन्याच्या बाजूने तुम्ही खरंच उभे असाल तर इथे माझ्याही बाजूला उभे राहा. तसं करताना मला तुम्ही कुणी दिसत नाही.

"पण आपण त्या लांबच्या चिन्यांची वकिली कशाला करायची?" हा प्रश्न मला एका जाणत्या चाचांनी विचारला. चाचा, वकिली करायला मलेशियाला जायची गरज नाही. फक्त दाखला देताना पूर्ण दाखला द्या. ज्या राज्यांना राजा नाही त्यांचाही द्या. पेनांगचे आजवरचे सगळे मुख्यमंत्री चिनी वंशाचे आहेत. तिथे मशिदी आहेत, अजान होते, मुसलमान सुखाने नांदतात.

नऊ राज्यांची ती अट बदलायला तर घटनादुरुस्तीसुद्धा लागत नाही. संघीय घटनेच्या आठव्या परिशिष्टात लिहून ठेवलंय, की मन्तरी बसार नेमताना निवडीवर मर्यादा घालणारी राज्यघटनेतली कुठलीही अट सुलतानाला गरज वाटल्यास स्वतःच्या विवेकाने बाजूला ठेवता येते, म्हणजे ज्याच्यामागे विधानसभेचं बहुमत आहे त्यालाच नेमता यावं. ही मुभा स्वातंत्र्यापासून नऊच्या नऊ राजांच्या हातात आहे. आजवर त्यातल्या एकाही राज्यात गैरमुस्लिम मन्तरी बसार झालेला नाही.